कॉपी झाली, पण पेनड्राइव्हवर पोचली का?

फाइल कॉपी करताना पडद्यावरची हिरवी पट्टी टोकाला पोचते, चौकट आपोआप मिटते आणि हात पेनड्राइव्हकडे जातो. डीटीपीच्या दुकानात मागे रांग असते, ऑफिसात मीटिंगला उशीर झालेला असतो, शाळेच्या संगणककक्षात तास संपल्याची घंटा वाजलेली असते. पेनड्राइव्ह ओढून काढला जातो आणि बहुतेक वेळा काहीही बिघडत नाही. त्यामुळेच सवय पक्की होते. मग कधीतरी प्रबंधाची शेवटची प्रत, लग्नाचे फोटो किंवा वर्षभराचे हिशेब असलेला पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावल्यावर ‘ड्राइव्ह फॉरमॅट करा’ असा संदेश येतो आणि काय चुकलं हेच कळत नाही.

त्यात गेल्या काही वर्षांत एक समज पसरला आहे: ‘आता सेफली रिमूव्ह करावं लागत नाही, मायक्रोसॉफ्टनंच तसं सांगितलंय.’ मायक्रोसॉफ्टनं काहीतरी सांगितलं आहे, हे खरं. पण ते कोणत्या विंडोजसाठी, कोणत्या अटीवर, आणि मॅक, लिनक्स किंवा अँड्रॉइडला त्याचा काही संबंध आहे का, हे पाहिल्याशिवाय त्या एका वाक्याच्या भरवशावर राहणं धोक्याचं आहे.

मुळात सगळा प्रश्न वेगातल्या तफावतीचा आहे. संगणकाची रॅम सेकंदाला हजारो मेगाबाइट सहज हाताळते. स्वस्तातला पेनड्राइव्ह लिहिताना सेकंदाला आठ-दहा मेगाबाइटवरच अडखळतो. प्रत्येक वेळी त्याचं लिहून होईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर संगणक सतत खोळंबलेला दिसेल. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये घेते, प्रोग्रॅमला ‘झालं’ असं कळवून टाकते आणि प्रत्यक्ष लिहिण्याचं काम सवडीनं करते. याला राइट कॅशिंग म्हणतात. हिरवी पट्टी टोकाला पोचली म्हणजे फाइल संगणकानं स्वीकारली. ती पेनड्राइव्हवर उतरली आहेच, असं त्यातून सिद्ध होत नाही. ‘इजेक्ट’ किंवा ‘सेफली रिमूव्ह’ केल्यावर मात्र सिस्टीमला रॅममध्ये अडकलेला सगळा मजकूर उतरवावाच लागतो, त्या ड्राइव्हवरची एखादी फाइल अजून कुणी उघडून बसलं आहे का हे तपासावं लागतं, आणि मगच ‘आता काढा’ म्हणता येतं. फाइल खरोखर पोचली अशी कबुली सिस्टीम वापरणाऱ्याला देते ती याच वेळी.

यातून एक गोष्ट निघते, जी अनुभवी मंडळींच्याही सहसा लक्षात येत नाही. कॉपी झाल्याबरोबर पेनड्राइव्हवरची फाइल उघडून ‘बघा, नीट उघडतेय’ म्हणण्याला फारसा अर्थ नसतो. त्या क्षणी सिस्टीम बहुधा ती फाइल रॅममधूनच वाचून दाखवते. पेनड्राइव्हवर काय उतरलं आहे हे तपासायचं असेल, तर तो इजेक्ट करून काढावा, पुन्हा लावावा आणि मग फाइल उघडावी. मुलाखतीला किंवा परिषदेला सादरीकरण घेऊन निघालेल्या माणसानं एवढं एक मिनिट जरूर खर्च करावं.

हा पेच पेनड्राइव्हपेक्षा बराच जुना आहे. युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे नोव्हेंबर १९७१मध्येच, डिस्क सिस्टीमला जोडण्यासाठी आणि सोडवण्यासाठी ‘माउंट’ आणि ‘अनमाउंट’ अशी जोडी होती. पुढे युनिक्स चालवणाऱ्यांना मशीन बंद करण्याआधी ‘सिंक’ ही आज्ञा तीनदा टाइप करायची सवयच लागली, कारण रॅममधलं सगळं डिस्कवर उतरावं याची त्यांना खात्री हवी असे. अ‍ॅपलनं १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये हा प्रश्न यंत्रातच सोडवला. त्याच्या फ्लॉपी ड्राइव्हला बाहेरून दाबायचं बटणच नव्हतं. सिस्टीमचं काम संपलं की आतली मोटर फ्लॉपी बाहेर ढकलत असे. आयबीएम पद्धतीच्या पीसीला मात्र बटण होतं आणि ते कधीही दाबता येई.

डॉसच्या काळातला प्रसंग तर आजच्या वादाशी हुबेहूब जुळणारा आहे. १९९३मध्ये आलेल्या एमएस-डॉस ६मधला स्मार्टड्राइव्ह हा प्रोग्रॅम लिहिण्याचं काम मागे ठेवत असे. पडद्यावर ‘सी’ प्रॉम्प्ट परत आलेला दिसला की लोक काम संपलं असं समजून संगणक बंद करत, आणि न उतरलेला मजकूर जाई. त्याच वर्षी आलेल्या ६.२ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टला बदल करावा लागला. सगळं डिस्कवर लिहून होईपर्यंत प्रॉम्प्ट परत येणारच नाही, अशी सोय झाली. वेग थोडा कमी झाला, पण पडद्यावर दिसतं ते खरं ठरू लागलं.

साधारण पंचवीस वर्षांनी मायक्रोसॉफ्टनं पेनड्राइव्हच्या बाबतीत जवळपास हाच निर्णय घेतला. बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी विंडोजमध्ये दोन धोरणं असतात. ‘बेटर परफॉर्मन्स’मध्ये राइट कॅशिंग चालू राहतं, काम वेगानं होतं, पण काढण्याआधी सेफली रिमूव्ह करणं बंधनकारक असतं. ‘क्विक रिमूव्हल’मध्ये विंडोज लिहिण्याचं काम साठवून ठेवत नाही, म्हणून कॉपी थोडी हळू होते, पण संपली की संपली. विंडोज १०च्या १८०९ या, २०१८च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हे मूळ धोरण झालं. ‘आता इजेक्टची गरज नाही’ हे वाक्य जन्मलं ते इथून.

आपल्या संगणकावर कोणतं धोरण आहे हे पाहणं सोपं आहे. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा, ‘डिस्क ड्राइव्ह्ज’मध्ये आपला पेनड्राइव्ह शोधावा, त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पॉलिसीज’ या टॅबवर जावं. ही निवड प्रत्येक ड्राइव्हसाठी वेगळी असते. एका पेनड्राइव्हला क्विक रिमूव्हल आहे म्हणजे शेजारच्या हार्ड डिस्कलाही तेच असेल, असं गृहीत धरू नये. आज इथे, उद्या तिथे फिरणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हला क्विक रिमूव्हलच ठेवावं. रात्रंदिवस टेबलावर जोडलेली, बॅकअपसाठी वापरली जाणारी मोठी हार्ड डिस्क असेल, तरच बेटर परफॉर्मन्सचा विचार करावा, आणि तोही घरात किंवा ऑफिसात सगळ्यांना इजेक्टची सवय असेल तर.

क्विक रिमूव्हल असलं तरी काही फटी उरतातच. लिहिणं प्रत्यक्ष चालू असताना ड्राइव्ह ओढला, तर कोणतंही धोरण वाचवू शकत नाही. लिहिणं चालू आहे की नाही, हे पडद्यावर नेहमी दिसतही नाही. अँटिव्हायरस मागच्या मागे तपासणी करत असतो. विंडोज ड्राइव्हवर ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचा लपलेला फोल्डर तयार करतं. वर्ड किंवा एक्सेलची फाइल थेट पेनड्राइव्हवरून उघडली, तर तिच्या शेजारी तात्पुरती फाइल बनते आणि ती काम संपेपर्यंत तिथेच असते. ‘मी तर फक्त वाचत होतो’ असं वाटत असतानाही ड्राइव्हवर काहीतरी लिहिलं जात असतं. शिवाय १८०९च्या आधीची विंडोज, अगदी विंडोज ७सुद्धा, अनेक शाळांच्या आणि छोट्या कार्यालयांच्या संगणकांवर अजून चालू आहे. दुकानातल्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे, याची चौकशी कुणी करत बसत नाही. अशा ठिकाणी तर इजेक्ट करणं हाच एकमेव शहाणा मार्ग.

डीटीपी आणि झेरॉक्सच्या दुकानांसाठी एक वेगळी सूचना करावीशी वाटते. ग्राहकाच्या पेनड्राइव्हवरूनच कोरलड्रॉची किंवा वर्डची फाइल उघडायची, तिथेच दुरुस्त्या करायच्या, तिथेच सेव्ह करायची, ही पद्धत सोडून द्यावी. फाइल आधी संगणकावर घ्यावी, काम पुरं करावं, मग परत पेनड्राइव्हवर टाकावी आणि इजेक्ट करावं. यात वेळ फारसा जात नाही. पेनड्राइव्हवर लिहिणं एकदाच, ठरावीक वेळी होतं, आणि मध्ये कुणाचा धक्का लागला तरी मूळ काम संगणकावर शाबूत राहतं.

मग येतो सगळ्यांच्या ओळखीचा वैताग. इजेक्ट करायला जावं, तर ‘हे उपकरण सध्या वापरात आहे, ते वापरणारे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश येतो. सगळं तर बंद केलेलं असतं. इथे विंडोज आत काय करतं, हे कळलं तर चिडचिड कमी होते. इजेक्टची आज्ञा मिळताच विंडोज त्या ड्राइव्हशी संबंधित प्रत्येक ड्रायव्हरला आणि नोंद केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला विचारतं, ‘हा ड्राइव्ह काढला तर चालेल का?’ याला ‘क्वेरी रिमूव्ह’ म्हणतात. एकानं जरी नकार दिला, तरी सगळी प्रक्रिया थांबते. विचारपूस न होता ड्राइव्ह उपटला गेला, तर विंडोजच्या भाषेत ते ‘सरप्राइज रिमूव्हल’. त्यावेळी परवानगी मागायची सोय नसते. जे राहिलं ते राहिलं, एवढंच जाहीर करावं लागतं.

नकार देणारा बहुधा साधासुधाच निघतो. ड्राइव्हचा फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडा राहिलेला असतो, प्रिव्ह्यू पेनमध्ये पीडीएफ दिसत असते, खाली मिनिमाइझ केलेली एक्सेलची फाइल विसरलेली असते, छपाईचं काम प्रिंटरच्या रांगेत असतं, किंवा अँटिव्हायरस नुकताच लावलेला ड्राइव्ह तपासत असतो. हे सगळं पाहूनही अडत असेल, तर विंडोज दोषी प्रोग्रॅमचं नाव सांगू शकतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिस्टीम’मध्ये ‘कर्नल-पीएनपी’ची २२५ क्रमांकाची नोंद शोधावी. कोणत्या प्रोग्रॅमनं ड्राइव्ह काढणं अडवलं, ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. ‘रिसोर्स मॉनिटर’च्या सीपीयू टॅबवर ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधचौकटीत ड्राइव्हचं अक्षर आणि विसर्गासारखी दोन टिंबं टाकूनही हाच शोध घेता येतो.

एवढं करायला वेळ नसेल, तर चिडून ड्राइव्ह उपटण्यापेक्षा संगणक पूर्ण बंद करावा. पूर्ण बंद म्हणजे शिफ्ट दाबून ठेवून ‘शट डाउन’. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे, तिच्यामुळे नेहमीच्या शट डाउनमध्ये सिस्टीमचा काही भाग हायबरनेट होतो. शिफ्ट दाबल्यावर तसं होत नाही. लॅपटॉपचं झाकण मिटवून, तो झोपलेला असताना ड्राइव्ह काढणं मात्र अजिबात टाळावं. झोपलेल्या संगणकाच्या रॅममध्ये त्या ड्राइव्हची जुनी माहिती तशीच असते. मधल्या काळात तो दुसरीकडे लावून त्यावर लिहिलं आणि परत पहिल्या संगणकाला जोडला, तर दोन्हींचा मेळ न बसून फाइलींची रचना बिघडू शकते.

मॅकवर ‘आता गरज नाही’ हा युक्तिवाद मुळीच चालत नाही. तिथे कॅशिंग चालूच असतं, आणि ड्राइव्ह तसाच काढला तर ‘डिस्क नीट इजेक्ट केली नाही’ अशी सूचना कोपऱ्यात झळकते. फाइंडरच्या डाव्या पट्टीत ड्राइव्हच्या नावापुढे छोटा त्रिकोण असतो, तो दाबावा, किंवा ड्राइव्ह निवडून कमांड आणि ई या कळा दाबाव्यात. एका डिस्कचे दोन-तीन भाग केलेले असतील, तर मॅक ‘सगळे इजेक्ट करायचे का’ असं विचारतो, तिथे हो म्हणावं. नकार आला, तर स्पॉटलाइटचं इंडेक्सिंग, टाइम मशीनचा चालू बॅकअप किंवा त्या ड्राइव्हवर उघडलेली टर्मिनलची खिडकी आधी तपासावी. ‘फोर्स इजेक्ट’चा पर्याय दिसतो, पण तो अगदी शेवटी.

मॅकवाल्यांचा आणखी एक घोटाळा होतो. एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेला, घाईत काढलेला ड्राइव्ह पुन्हा लावला, की कधीकधी तो बराच वेळ दिसतच नाही. लोकांना वाटतं ड्राइव्ह मेला, म्हणून पुन्हा उपटतात, पुन्हा लावतात. प्रत्यक्षात मॅकओएस मागच्या मागे त्याची तपासणी करत असतं, आणि मोठ्या डिस्कवर तिला पुष्कळ वेळ लागू शकतो. ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये ‘एफएससीके’नं सुरू होणारं नाव दिसलं, तर स्वस्थ बसावं. दुरुस्ती अर्धवट असताना ड्राइव्ह काढला, तर साधं दुखणं मोठं होतं.

लिनक्समध्ये हा सगळा प्रकार सर्वांत उघडपणे दिसतो. तिथे मूळ नियम असा की रॅमच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत, सर्वसाधारणपणे उपलब्ध स्मृतीच्या २० टक्क्यांपर्यंत, न लिहिलेला मजकूर साठू द्यायचा, आणि जुना होत आलेला मजकूर ३० सेकंदांनंतर उतरवायला घ्यायचा. सोळा गिगाबाइट रॅमच्या संगणकावर याचा अर्थ दोन गिगाबाइटचा चित्रपट जवळजवळ आख्खा रॅममध्ये मावतो. कॉपी काही सेकंदांत ‘संपते’. नंतर सेकंदाला आठ मेगाबाइटच्या पेनड्राइव्हवर तो उतरायला चार मिनिटांहून जास्त लागतात, आणि अनमाउंट केलं की ती चार मिनिटं वाट पाहावी लागते. नवख्या माणसाला वाटतं सिस्टीम अडकली. ती अडकलेली नसते, मघाशी ‘झालं’ म्हणून सांगितलेलं काम आता करत असते. २०१३मध्ये यावर लिनक्सच्या विकसकांत बरीच चर्चा झाली, आणि टक्क्यांचा हा हिशेब रॅम काही मेगाबाइटच असायची त्या काळातला आहे, असं लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मांडलं.

लिनक्स वापरणाऱ्यानं कॉपीनंतर ‘सिंक’ द्यावं, ते परत येईपर्यंत थांबावं आणि मग फाइल मॅनेजरमधून इजेक्ट करावं. ‘टार्गेट इज बिझी’ असं उत्तर आलं, तर बहुधा एखादं टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उभं असतं. ‘लेझी अनमाउंट’ हा पर्याय इथे दिशाभूल करतो. तो ड्राइव्ह नजरेआड करतो, पण उघड्या फाइलींवरचं लिहिणं पुढे चालूच राहू शकतं.

बहुतेक पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं फॅट३२ किंवा एक्सफॅट या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असतात, कारण विंडोज, मॅक, टीव्ही, कॅमेरा सगळ्यांना ती वाचता येते. यात कोणती फाइल कुठल्या तुकड्यांमध्ये ठेवली आहे, याचं एक कोष्टक ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात असतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली, तर प्रकरणं जागेवर असूनही सापडत नाहीत, तसं हे कोष्टक अर्धवट लिहिलं गेलं की शाबूत फाइलीही हरवतात. घाईत एक फाइल टाकली आणि वर्षापूर्वीच्या दहा गेल्या, असं होतं ते यामुळे. एनटीएफएस, मॅकचं एपीएफएस किंवा लिनक्सचं एक्स्ट४ यांत अशा अपघातातून रचना सावरण्याची सोय असते. पण ती सोय रचनेची आहे. अर्धवट लिहिलेला मजकूर ती भरून काढत नाही. पासवर्डनं कुलूपबंद केलेल्या ड्राइव्हची जोखीम तर आणखी मोठी, कारण त्याच्या सुरुवातीच्या काही भागावर बाकी सगळं उघडणं अवलंबून असतं. व्हेराक्रिप्ट वापरत असाल, तर आधी त्यातला व्हॉल्यूम डिसमाउंट करावा आणि मग ड्राइव्ह इजेक्ट करावा, हा क्रम चुकवू नये.

यंत्राची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. नेहमीच्या आयताकृती यूएसबी प्लगमधल्या वीजपुरवठ्याच्या पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा सुमारे एक मिलिमीटर लांब ठेवलेल्या असतात. लावताना वीज आधी मिळावी आणि काढताना शेवटी जावी, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे चालू संगणकातून यूएसबी उपकरण काढल्यानं विद्युत नुकसान सहसा होत नाही. पण तो एक मिलिमीटर लिहिण्याचं काम पुरं करायला पुरत नाही. फ्लॅश मेमरीत जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येत नाही, आधी मोठा तुकडा पुसावा लागतो. म्हणून पेनड्राइव्हमधला छोटा कंट्रोलर मजकूर सतत इकडून तिकडे हलवतो आणि काय कुठे आहे याची स्वतःची नोंद ठेवतो. ती नोंद लिहिताना वीज गेली, तर स्वस्त पेनड्राइव्ह पूर्ण गारद होऊ शकतो. दिव्याची लुकलुक थांबली म्हणजे काम संपलं, हा निकषही कच्चाच. सिस्टीमनं मजकूर रॅममध्ये रोखून धरला असेल, तेव्हाही दिवा शांतच असतो.

फिरत्या तबकडीची पोर्टेबल हार्ड डिस्क असेल, तर इजेक्टचा संदेश आल्यावरही लगेच उचलू नये. हाताला लागणारी थरथर थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जाऊ द्यावीत. विंडोजमध्ये सेफली रिमूव्ह केल्यावरही काही ड्राइव्हचा दिवा लागलेलाच राहतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जिथे वीज वारंवार जाते, तिथे स्वतंत्र अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या मोठ्या डिस्ककडे जास्त लक्ष द्यायला हवं. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, डिस्क मात्र त्याच क्षणी बंद पडते, आणि सिस्टीमच्या दृष्टीनं ते उपटून काढण्यासारखंच ठरतं. यूपीएस संगणकाला असतो, त्यातलाच एक सॉकेट या डिस्कला द्यावा. ढिला यूएसबी हब आणि कॅबिनेटच्या पुढचे सैल झालेले पोर्टही असाच घात करतात.

फोन केबलनं संगणकाला जोडला असेल, तर चित्र वेगळं असतं. २०११नंतरच्या अँड्रॉइडमध्ये फोन सहसा आपली मेमरी संगणकाच्या ताब्यात देत नाहीत. एमटीपी या पद्धतीनं संगणक फाइल मागतो किंवा पाठवतो, लिहिण्याचं काम फोन स्वतः करतो. म्हणून कॉपी चालू नसेल, तर केबल काढायला हरकत नसते. पण फोनलाच ओटीजीनं पेनड्राइव्ह जोडला, की पेनड्राइव्हवर लिहिणारी ऑपरेटिंग सिस्टीम फोनचीच असते. तिथे सूचनेतला किंवा स्टोरेज सेटिंगमधला ‘इजेक्ट’ वापरावाच. मेमरी कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट केलेलं असेल, तर ते एन्क्रिप्ट होऊन त्याच फोनशी बांधलं जातं. ते काढून दुसरीकडे वाचता येत नाही. आयफोन-आयपॅडमध्ये २०१९पासून पेनड्राइव्ह चालतो, मात्र फाइल्स अ‍ॅपमध्ये इजेक्टचं बटण दिसेलच असं नाही. ते नसेल, तर कॉपीचं वर्तुळ पूर्ण झाल्यावर थोडं थांबून, अ‍ॅपमधून बाहेर पडून मगच काढावा.

कॅमेऱ्यात कार्डाच्या झाकणाजवळचा दिवा लागला असेल, तेव्हा झाकण उघडू नये. सलग पन्नास फोटो टिपल्यावर ते कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरीतून कार्डावर उतरत असतात आणि त्याला वेळ लागतो. लग्नाच्या गडबडीत कार्ड बदलताना हाच क्षण नेमका चुकतो. कार्ड संगणकाला लावण्याआधी त्याच्या कडेचा लॉक खाली सरकवला, तर बहुतेक कार्ड रीडर त्यावर काही लिहीत नाहीत. फोटो उतरवून घेण्यापुरतं काम असेल, तर ही सवय फार उपयोगाची. कार्ड रिकामं करायचं ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून, संगणकावर डिलीट करून नव्हे.

इतकं करूनही अपघात झालाच, तर पहिल्या काही मिनिटांत काय केलं जातं यावर बरंच अवलंबून असतं. ‘फॉरमॅट करायचं का’ या प्रश्नाला नाही म्हणावं आणि त्या ड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नये. ‘ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करा’ असा संदेश आला, तर आधी फाइली दिसतात का ते पाहावं. दिसत असतील, तर दुरुस्तीपूर्वी त्या दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. मग विंडोजमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘टूल्स’ टॅबवरून तपासणी चालवावी, मॅकवर डिस्क युटिलिटीतलं ‘फर्स्ट एड’. विंडोजच्या दुरुस्तीनंतर ड्राइव्हवर ‘फाउंड’ आणि तीन शून्यं अशा नावाचा लपलेला फोल्डर दिसू शकतो. आतल्या ‘सीएचके’ फाइली कचरा समजून पुसू नयेत. हरवलेले तुकडे विंडोजनं तिथे ठेवलेले असतात, आणि त्यांच्या नावाचा शेवटचा भाग बदलून ‘जेपीजी’ केल्यावर कित्येकदा आख्खा फोटो उघडतो. लिनक्स एखादा एनटीएफएस ड्राइव्ह जोडायला नकार देत असेल, तर जबरदस्ती न करता विंडोजवर नेऊन आधी तपासणी पुरी करावी.

फाइली दिसतच नसतील, तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा ‘फोटोरेक’ हा मोफत प्रोग्रॅम वापरून पाहता येतो. तो बिघडलेल्या कोष्टकाकडे न बघता थेट मजकुराच्या खुणांवरून फोटो, पीडीएफ, वर्डच्या फाइली शोधून काढतो. मूळ नावं मिळत नाहीत, शेकडो फाइली क्रमांकानं येतात आणि त्या चाळत बसावं लागतं. सापडलेलं सगळं वेगळ्या डिस्कवर साठवावं, त्याच पेनड्राइव्हवर कधीही नाही. आणि ड्राइव्हची क्षमता शून्य दिसत असेल किंवा ‘मीडिया नाही’ असा संदेश येत असेल, तर बिघाड कंट्रोलरमध्ये आहे. तिथे घरचं कोणतंही सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही. वेगवेगळ्या पोर्टांत तो पुन्हा पुन्हा लावत राहू नये. आतली माहिती खरोखर मोलाची असेल, तर तो आहे त्या स्थितीत डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावा आणि आधी काय काय करून पाहिलं, तेही त्यांना सांगावं.